मोकळा ठेवलेला जानेवारी

उच्चारलेल्या शब्दाशी प्रामाणिक राहणे हे भल्या माणसाचे लक्षण मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु एकाच माणसाने दोन ठिकाणी परस्परविरोधी शब्द दिले असतील, तर त्याने कोणत्या शब्दाचा मान राखावा? भरसभेत, सर्वांच्या साक्षीने दिलेल्या शब्दाचा, की स्वयंपाकघरात कॉफी ढवळता ढवळता पोटच्या मुलीला सहज देऊन टाकलेल्या शब्दाचा? लेनर्ड पावलक या माझ्या शेजाऱ्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो अमेरिकी फुटबॉलमुळे. त्यामुळे तो प्रश्न लहान ठरतो असे मला वाटत नाही. माणसाची कसोटी कोणत्या मैदानावर लागावी, हे त्याच्या हाती नसते.

ईरी सरोवराच्या काठावरील आमच्या गावात ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, चर्चच्या तळघरातील सभागृहात भाकितांचे जेवण होते. लोण्यात परतलेल्या पिएरोगींची, म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या करंज्यांची ताटे, सॉसेज आणि उकडलेली कणसे पुढ्यात येतात, आणि मग एकेकाने उठून, टेबलावर ठेवलेल्या एका पोचे आलेल्या जुन्या हेल्मेटवर हात ठेवून, येत्या हंगामाविषयी आपले भाकीत सांगायचे असते. ते छातीठोक असले पाहिजे. ऐकणाऱ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या तर ते बाद. लोक हसले, ओरडले, कपाळाला हात लावून बसले, तर ते ग्राह्य. मी चर्चच्या शाळेत आयुष्यभर लॅटिन शिकवले म्हणून की काय, ग्राह्य-अग्राह्य ठरवण्याची घंटा पुष्कळ वर्षांपासून माझ्या हाती आहे.

या प्रथेचा गाभा मात्र जेवणानंतर सुरू होतो. जो जे बोलला, त्याने हंगाम संपेपर्यंत ते घडणारच आहे असे धरून वागायचे. आपला संघ नाताळच्या सामन्यात जिंकणार असे म्हटले, तर त्या दिवशी घरावर संघाचा ध्वज आधीच लावायचा. शब्द मागे घेता येत नाही. फक्त हंगामाचा पहिला चेंडू उडण्यापूर्वी, त्याहून धाडसी शब्द देऊन तो बदलता येतो.

लेनर्ड बंदरावर लोहखनिज उतरवणाऱ्या क्रेनवर काम करून निवृत्त झालेला. त्याचे भाकीत ठरलेले असे: यंदा आपला संघ जानेवारीत खेळणार. जानेवारीत खेळणे म्हणजे, साखळीचा एखादा उरलासुरला सामना सोडला तर, बाद फेरी गाठणे. आणि आमच्या संघाने बाद फेरी गाठलेली पाहिलेले लोक आता काठी टेकत चालतात. तरीही लेनर्ड दर वर्षी तेच बोले, आणि नियमाप्रमाणे जानेवारी महिना मोकळा ठेवी. पाहुण्यांकडे जाणे नाही, दाढेवरचा इलाज नाही, घरात कुठला समारंभ नाही. त्याची मुलगी टेरेसा परिचारिका झाली, तेव्हा तिचा पदवीदान समारंभ नेमका जानेवारीत आला. आमचा संघ तोवर घरी जाऊन बसला होता. लेनर्डही घरी बसून राहिला आणि भलत्याच दोन शहरांचा सामना पाहत राहिला. "शब्द संघानं मोडला, मी नाही," असे त्याने मला गंभीरपणे सांगितले होते.

अशा घरात टेरेसाचे लग्न जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी ठरले, हे ऐकून मी चकित झालो होतो. परंतु कारण साधे होते. तिचा नियोजित वर आर्नी हालोनेन हा सरोवरांतून खनिज वाहणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळतो. वरच्या सरोवरांत बर्फ धरले की बोटी बंदराला लागतात, आणि खलाशाला घर दिसते ते तेव्हाच. फेब्रुवारीत त्याची बढतीची परीक्षा, त्यामागून ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, उरला जानेवारी. मे महिन्यात टेरेसाने स्वयंपाकघरात विचारले होते, "तिसरा शनिवार चालेल ना, बाबा?" आणि लेनर्ड कॉफी ढवळत म्हणाला होता, "चालेल की! जानेवारीत मला कुठं काय असतं!"

त्याची पत्नी डोलोरेस तेथेच उभी होती. पुढे ती मला म्हणाली, "मास्तर, त्या क्षणी मला कळलं. इतकी वर्षं हा माणूस बोलतोय, पण मनातून याचासुद्धा विश्वास नाही."

त्या ऑगस्टचे जेवण नेहमीसारखेच रंगले. हेलन आजींनी हेल्मेटवर हात ठेवून सांगितले, "यंदा मी एकही सामना बघणार नाही. रक्तदाब वाढतो." गेल्या वर्षीही त्या हेच बोलल्या होत्या, आणि पहिल्याच रविवारी संघाची टोपी घालून टीव्हीपुढे बसल्या होत्या. सभागृह खो खो हसले; मी घंटा वाजवली. नळदुरुस्ती करणारा गस ब्रॅनिगन उठला आणि म्हणाला, "यंदाचा प्रशिक्षक नाताळपर्यंत नोकरीवर टिकेल."

"अरे, छातीठोक म्हणजे इतकंही नव्हे!" मागून कोणीतरी ओरडले. मी घंटा वाजवली.

मग लेनर्ड उठला. त्याने बाह्या सारख्या केल्या. "नेहमीचं नाही बोलणार," तो म्हणाला. "यंदा आपण गटात पहिले येऊ. म्हणजे पहिली फेरी खेळावीच लागणार नाही, ती पाय पसरून घरी बघू. आणि जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी, आपल्या मैदानावर, बर्फात, जो कोणी समोर येईल त्याला लोळवू!"

टाळ्या पडल्या, बाके बडवली गेली. मी घंटेकडे हात नेला, तोच गस पुन्हा उठला.

"मास्तर, थांबा. एक शंका आहे. माझ्या फ्रिजवर एक सुंदर कार्ड चिकटवलंय. टेरेसा पावलकचं लग्न. तारीख वाचू का?"

"बस खाली, गस," लेनर्ड म्हणाला.

"नाही, पण नियम म्हणजे नियम ना? लेन्या, तू सामना बघणारेस की पोरीला घेऊन चर्चमध्ये चालणारेस? की क्रेनला लटकून दोन्हीकडे?"

सभागृह हसले. हे हसणे निराळे होते. तोवर लोक भाकिताला हसत होते; आता ते माणसाला हसत होते. लेनर्डचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. इतक्या वर्षांच्या पराभवांनी त्याला जे केले नव्हते, ते त्या हसण्याने केले. आपला विश्वास खोटा होता, हे त्याला भरसभेत दाखवले गेले होते.

"लग्नाची तारीख पुढं जाईल!" तो ओरडला. "झालं समाधान?"

टेरेसा तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात पिएरोगींचे गरम ताट घेऊन उभी होती. तिने ते जवळच्या टेबलावर ठेवले, हात पुसले, आणि कोणाकडेही न पाहता जिना चढून निघून गेली. डोलोरेस तिच्यामागून गेली. मी घंटा वाजवली नाही. निर्णय राखून ठेवतो, एवढेच म्हणालो.

दोन-तीन दिवसांनी मी लेनर्डच्या ओसरीवर जाऊन बसलो. तो रंगाचा डबा घेऊन कठड्याचे तेच तेच गज रंगवत होता.

"बोल, मास्तर. तूही बोलून घे."

"तिची क्षमा माग, लेन."

"मागितली. फोनवर. म्हणाली, ड्यूटीवर आहे." त्याने ब्रश डब्यावर आपटला. "आणि क्षमा मागून काय होतंय? उद्या त्या सभागृहात कुठल्या तोंडानं उभा राहू? गस म्हणेल, हा तर पहिल्यापासूनच ढोंगी होता. आणि खरंच आहे ते! मे महिन्यात मी सहज 'हो' म्हणालो, कारण मला ठाऊक होतं. जानेवारीत काही नसतं. कधीच काही नसतं!"

"मग ते ठाऊक असताना तिला तारीख बदलायला लावणार?"

तो उत्तर देणार तोच टेरेसाची गाडी फाटकाशी थांबली. ती आईचे शिलाईयंत्र नेण्यासाठी आली होती. वडिलांना ओलांडून घरात जाता जाता ती थबकली.

"बाबा, एक सांगा. माझ्या पदवीच्या दिवशी आपला संघ कुठं होता?"

लेनर्डने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

"हरून घरी. आणि तुम्ही?"

"घरी."

"दोघंही घरी! मग माझ्याकडं यायला कोणी अडवलं होतं? मी चिडलेय ती तुम्ही सामना बघता म्हणून नाही. सामने सगळं गाव बघतं. मीसुद्धा बघते. तुम्ही रिकाम्या महिन्यावर पहारा देत बसता, त्याचा मला वैताग येतो. तिथं काही नाहीये, बाबा! आणि ते काही-नाही माझ्यापेक्षा मोठं!"

"टेस, जरा ऐकून घे..."

"तारीख बदलणार नाही. आर्नीची बोट माझ्यासाठी थांबत नाही आणि बर्फ तुमच्यासाठी. यायचं तर या. नाहीतर मास्तर मला घेऊन चालतील. का हो, मास्तर?"

मी म्हणालो, "बाळ, मला इतक्या मोठ्या जागेवर बसवू नकोस."

ती यंत्र उचलून निघाली. लेनर्ड मदतीला उठला. त्याचे हात रंगाने भरलेले असल्यामुळे तिने ते यंत्राला लागू दिले नाहीत.

पहिल्या सामन्याच्या सकाळी, प्रार्थनेनंतर, सभागृहात कॉफी आणि डोनट मांडलेले असताना लेनर्डने हेल्मेट आणायला सांगितले. कुजबूज थांबली.

"माझा शब्द बदलतो," तो म्हणाला. "जानेवारीच्या त्या शनिवारी आपला सामना असू दे, आपल्या मैदानावर असू दे, शेवटच्या मिनिटाला बरोबरी असू दे. मी टेरेसाच्या लग्नात असेन. आणि स्कोअर विचारणार नाही. खिशात फोन नाही. कानात रेडिओ नाही. सिगरेट ओढून येतो म्हणून गाडीत जाऊन बसणार नाही. नाचून, केक खाऊन, सगळ्यांत शेवटी घरी जाईन."

असा हशा उसळला की हेलन आजींच्या कपातील कॉफी सांडली.

"लेन्या, तू? स्कोअर विचारणार नाहीस?" गसला श्वास घेता येईना. "त्यापेक्षा आपण जगज्जेते होऊ, ते सोपंय!"

त्या तळघरात मी ऐकलेल्या भाकितांत यापेक्षा धाडसी भाकीत नव्हते. मी घंटा वाजवली. लेनर्डच्या तोंडावर समाधान दिसले, आणि मलाही वाटले की गाठ सुटली.

ती सुटली नव्हती. डोलोरेसने ही वार्ता मुलीला सांगितली, तेव्हा टेरेसा म्हणाली, "म्हणजे माझं लग्नसुद्धा आता त्या हेल्मेटवर हात ठेवूनच? मला एकटीला येऊन सांगायला काय झालं होतं? जानेवारीत बघू." ती येत-जात राहिली, रविवारच्या जेवणाला बसत राहिली, परंतु लग्नाच्या गोष्टी ती आईशीच, दुसऱ्या खोलीत बोले. लेनर्ड सभेला दिलेला शब्द पाळायला सिद्ध होता आणि मुलगी सभेत नव्हतीच, हे त्याच्या ध्यानात येत नव्हते, आणि मी ते सांगायला गेलो, तर तो म्हणे, "अरे, आणखी काय करू? आकाशात लिहू?"

त्यातच दैवाने थट्टा मांडली. संघ जिंकू लागला. सप्टेंबरात जिंकला, ऑक्टोबरात जिंकला. नवा क्वार्टरबॅक असे काही चेंडू फेकू लागला की दुकानांतून अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारू लागली. गस रस्त्यातून ओरडे, "लेन्या, तिसरा शनिवार! पहिलंच भाकीत ठेवायचं होतंस!" लेनर्ड हसल्यासारखे करी. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते दाराशी आले असताना आपणच दाराला आतून कडी घातली आहे, ही भावना त्याला कुरतडत असणार. तरीही तारखेविषयी तो पुन्हा एक शब्द बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर क्वार्टरबॅकचा खांदा दुखावला आणि संघाची गाडी घसरली. गटात पहिले येणे राहिले. तरीही जानेवारीतल्या पहिल्या रविवारचा अखेरचा साखळी सामना जिंकला तर बाद फेरी मिळणार होती, आणि इतर निकाल अनुकूल लागले तर तो तिसरा शनिवारही अजून शक्य होता. सामना दुपारी एकला, आमच्याच मैदानावर. सारे गाव टीव्हीपुढे बसणार होते.

त्याच दुपारी आर्नीची बोट हिवाळ्यासाठी बंदराला लागणार होती. टेरेसाची गाडी थंडीने सुरू होईना. तिने आईला फोन केला. तो लेनर्डने उचलला. डोलोरेसने सांगितले की तो "येतो" एवढेच म्हणाला, कोट चढवला, आणि चिप्सचे भांडे तिच्या हातात देऊन निघाला. तेव्हा चेंडू उडायला थोडाच अवकाश होता. मला बोट येताना पाहण्याची जुनी आवड, म्हणून मीही त्याच्या गाडीत मागच्या आसनावर बसलो.

गाडीत रेडिओ बंद होता. मला वाटले, आता लावेल. टेरेसाला घेतले तरी त्याने लावला नाही. रस्ते ओस होते; एका घरातून आरोळी ऐकू आली, आनंदाची की निराशेची ते कळले नाही, आणि लेनर्डने गाडीचा वेग कमी केला नाही. त्याने टेरेसाला विचारले की आर्नीच्या आईवडिलांना उतरायला जागा मिळाली का. तिने उत्तर दिले. मग त्याने विचारले की फुले कोणती. वडिलांनी फुलांविषयी विचारावे याचे तिला इतके नवल वाटले की ती वळून त्यांच्याकडे पाहू लागली. "पांढरी," ती म्हणाली. "आणि थोडी निळी."

धक्क्यावर वारा बोचत होता, आणि बोटीची वाट पाहण्यात दुपार सरत आली. बर्फाचे पातळ तुकडे बाजूला सारत बोट संथपणे आत येत होती. लेनर्ड सवयीने जुन्या क्रेनकडे पाहत होता आणि टेरेसाला वारा लागू नये असा आडवा उभा होता. दोर बांधले गेले, आर्नी शिडीवरून उतरला, टेरेसा धावली. एवढ्यात धक्क्यावरच्या खोलीतून कामगार बाहेर आले. एकाने टोपी काढून जमिनीवर आपटली, आणि सामन्याचा निकाल आम्हाला कळला.

लेनर्ड गाडीच्या बोनेटला टेकला. मी जवळ गेलो, तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. वाऱ्यामुळे म्हणावे तर त्याने वाऱ्याकडे पाठ केली होती.

"गेलं," तो म्हणाला. "तिसऱ्या शनिवारी काही नाही. मास्तर, मी जाणार होतो! सामना असता तरी मी लग्नातच असतो! आता कसं सिद्ध होणार? गस म्हणेल, सामनाच नव्हता, त्यात काय मोठंसं! जन्मात एक गोष्ट खरी करून दाखवणार होतो, तेवढीसुद्धा या संघानं मला करू दिली नाही!"

टेरेसा आर्नीचा हात धरून मागे येऊन उभी राहिली होती. तिने ऐकले होते.

"बाबा," ती म्हणाली, "आजचा सामना किती वाजता होता?"

"एकला."

"आणि एकला तुम्ही कुठं होतात?"

त्याने तिच्याकडे पाहिले. स्वतःचेच वागणे त्याच्या ध्यानात आले नव्हते. गाडी बंद पडली आहे आणि मुलगी थंडीत उभी आहे, एवढेच त्याने ऐकले होते.

"कुणाला सांगितलंत का, आज जाणार म्हणून? हेल्मेटवर हात ठेवलात?"

"वेळ कुठं होता?"

"हेच," ती म्हणाली. "हेच मला हवं होतं." तिचा राग पूर्ण विरला असे मी म्हणणार नाही, तिने डोळे पुसले आणि लगोलग कुरकुरली, "आणि हा रंग लागलेला कोट लग्नात घालून आलात, तर याद राखा." मग तिने त्याच्या कोटाचे वरचे बटण लावून दिले.

जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी आमच्या मैदानावर कोणी खेळले नाही. तेथे फक्त बर्फ पडत होता. चर्च भरले होते, गस नवा टाय बांधून आला होता आणि दारातच लेनर्डला म्हणाला, "सामना असता तर बघितलं असतं तुला!" लेनर्डच्या दंडात मुलीचा हात होता आणि त्याला पावले जपून टाकायची होती. त्याने फुले पाहिली, पांढरी आणि थोडी निळी, आणि पाहिली असे तिला मानेने सांगितले. तो नाचला, केक खाल्ला, आणि सर्वांच्या शेवटी घरी गेला.

ऑगस्टमध्ये तो पुन्हा उठेल आणि पुन्हा काहीतरी अशक्य बोलेल, याविषयी मला शंका नाही. त्याच्या छातीत ते बळ राहो. आर्नीची बोट प्रत्येक हिवाळ्यात सुखरूप बंदराला लागो. डोलोरेसला तिच्या ओसरीवर विसावा मिळो. आणि टेरेसाच्या घरी कोणताही महिना कोणासाठी अडवून ठेवला न जावो. बारा महिने तेथे माणसांचे येणे-जाणे राहो.